विहाराच्या कुंपणातली कुंती

तुमच्या फाटकाशी किंवा ऑफिसच्या आवाराभोवती जे हिरवं कुंपण उभं आहे, त्या झुडपाचं नाव तुम्हाला सांगता येईल का? ‘शोचं झाड’ हे नाव नव्हे. ज्याच्यासमोरून तुम्ही दिवसातून दोनदा जाता, त्याचं खरं नाव.

मला येत नव्हतं. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्हाला राग येणार नाही.

रायपूरच्या ज्या रेल्वे कॉलनीत मी वाढले, तिथल्या बुद्धविहाराला तीन बाजूंनी कमरेएवढं कुंपण आहे. इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. आम्ही त्याला मेहंदी म्हणायचो. आमच्याकडे कापून सारख्या केलेल्या कुठल्याही कुंपणाला मेहंदीच म्हणतात, मग ते काहीही असो. शेजारच्या क्वार्टरमधल्या ताईचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही पोरींनी त्याच कुंपणाचा पाला ओरबाडला, पाट्यावर वाटला, त्यात चहाचं पाणी आणि लिंबू घातलं आणि सगळी दुपार हात पसरून बसलो. धुतल्यावर हात नुसते हिरवट निघाले. वास मात्र संत्र्याच्या सालीसारखा होता. ‘हलक्या जातीची मेहंदी आहे,’ असा निकाल आम्ही दिला आणि पंडरीच्या बाजारातून कोन आणले. ही मुळात मेहंदीच नसेल, असं एकीच्याही डोक्यात आलं नाही.

माझे बाबा रेल्वेत ट्रॅकमन होते. विदर्भातून नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. ड्यूटी संपली की त्यांचं दुसरं काम सुरू व्हायचं, पत्रकं. शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठे मिळतो, हुंडा का द्यायचा नाही, भरतीत कोणत्या जागा राखीव आहेत, असं सगळं एका पानात छापून ते कॉलनीत घरोघर वाटायचे. उरलेल्या पत्रकांत आई पोळ्या गुंडाळायची. मी शाळेच्या पुस्तकाआधी पोळीवरचं पत्रक वाचायला शिकले. बाबांचा एक नियम होता. ते म्हणायचे, “पत्रकाच्या शेवटी मानसाले काही तरी कराले सांगतलं पाह्यजे. नाही तर ते पत्रक नाही, रद्दी आहे.”

अशा घरात वाढलेली पोरगी भाषणं देणार, हे उघडच आहे. महिला दिनाला विहारात मी दरवर्षी बोलायची. बाईचा आवाज, बाईचं ज्ञान, इतिहासानं ते कसं दडपलं. आई मागच्या रांगेत बसून ऐकायची आणि कार्यक्रम संपला की चटया गुंडाळायची.

एका वर्षी बुद्धपौर्णिमेनंतरच्या विहाराच्या बैठकीत समितीच्या अध्यक्षांनी ठराव मांडला. अध्यक्ष म्हणजे आमच्या गल्लीतले काका, रेल्वेच्या ऑफिसात बाबू होते, आता रिटायर. माणूस सरळ, पण टापटिपीचं वेड. ते म्हणाले, कुंपण म्हातारं झालं, मधेमधे वाळलं आहे, दर महिन्याला कापायची मेहनत आहे. उपटून स्टीलची रेलिंग लावू. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मागून आवाज आला, “ते मेहंदी नाही.”

आई उभी होती. एवढ्या वर्षांत बैठकीत उभं राहून बोलताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

काका म्हणाले, “मेहंदी नाही तर काय आहे, वहिनी?”

“कुंती आहे ते. इकडचे लोक मधुकामिनी म्हनतात. फुलते. पांढरं फूल येते, वासाचं.”

कोणीतरी हसलं. काका हसले नाहीत, पण म्हणाले, “वीस साल झाले, एक फूल तरी दिलं काय तिनं?”

“तुम्ही देऊ देल्लं काय?”

माझ्या अंगावर काटा आला, तो अभिमानाचा होता की शरमेचा, हे मला त्या वेळी ठरवता आलं नाही.

तिचं म्हणणं सोपं होतं. आमच्याकडे दर पौर्णिमेआधीच्या रविवारी श्रमदान असतं. विहार धुतात, चटया झटकतात आणि कुंपण कापतात, पूजेच्या दिवशी सगळं नीटनेटकं दिसावं म्हणून. कुंतीचं फूल येतं कोवळ्या शेंड्यावर. शेंडा वाढला, कळी धरायची वेळ आली की पौर्णिमा आलीच आणि कैचीही आली. म्हणजे पूजेसाठी आम्ही दर महिन्याला फुलं कापून टाकत होतो आणि मग पूजेसाठी तात्यापाऱ्यातल्या दुकानातून पांढरी फुलं विकत आणत होतो. वीस वर्षं. अत्यंत श्रद्धेनं.

“आषाढी पौर्निमेपर्यंत कैची लावू नका,” आई म्हणाली. “फुललं नाही तर मी सोता उपटून देतो.”

काकांनी वहीत लिहून घेतलं. आषाढी पौर्णिमेपर्यंत मुदत. फूल आलं नाही तर रेलिंग. आणि बाहेर पडताना कोणीतरी कोणाला तरी म्हणालंच, “अब भाभी भी भाषण देने लगी, घर का असर है.”

घरी येऊन मी चिडले. “आई, तुला माहीत होतं तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलली होती. कुंपन लावलं तेव्हाच बोलली होती. ‘हव, हव’ म्हनून सगळे कैची घेऊन गेले. तू तं कधी विचारलंच नाही मले.”

महिला दिनाची सगळी भाषणं एका वाक्यात जमीनदोस्त झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन घेऊन कुंपणाशी गेले. फोटो काढून झाड ओळखणारं ॲप उघडलं. पहिल्या फोटोला ते म्हणालं कढीपत्ता. दुसऱ्याला कुंती. तिसऱ्याला असं काहीतरी, जे इकडे उगवतही नाही. आई माझ्या मागे येऊन उभी होती. तिनं एक डहाळी मोडली.

“हे पाह्य. मेहंदीचं पान जोडीनं येते, समोरासमोर. हिचं कसं आहे? एक इकडं, एक तिकडं, पायऱ्यांसारखं. आता पान उन्हात धर.”

मी धरलं. जाड, चकचकीत पानात सुईनं टोचल्यासारखे बारीक उजळ ठिपके दिसले.

“संत्र्याच्या पानात असेच ठिपके राह्यतात. तेलाचे. आता चुरगळ. आला वास?”

आला. लग्नाच्या त्या दुपारचा, हातावर न चढलेल्या रंगाचा वास.

“कढीपत्त्याचा वास येगळा, तो तुले माहीत आहे, भाजीत खाते. हे संत्र्याच्याच घरचं आहे. नातेवाईक.”

मी नंतर पुस्तकात पाहिलं. संत्रं, लिंबू, कढीपत्ता आणि कुंती खरंच एका कुळातली. आई चौथीपर्यंत शिकली. तिला हे कुळ पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तिचं माहेर काटोलकडचं. तिचे आईवडील दुसऱ्यांच्या संत्राबागांत मजुरीला होते आणि लहानपणी तीही त्यांच्यासोबत पाणी द्यायला, फळं वेचायला जायची. बागवाल्याच्या विहिरीजवळ एक कुंती होती, डोक्याएवढी उंच. फुलली की कामावरच्या बाया तिच्या सावलीत डबे सोडायच्या. बागेची मालकी बागवाल्याची, बागेतली अक्कल बागवाल्याची, असं सगळेजण मानत होते. पण ठिपके पाहायला उन्हात पान धरणारे हात आमचे होते. हे वाक्य मी पत्रकासाठी राखून ठेवलं होतं. इथे वापरते.

पत्रक काढायचं माझ्या मनात होतंच. ‘कुंपणाचा कबुलीजवाब’ असं शीर्षकही सुचलं होतं. आईनं कच्चा मजकूर ऐकला आणि म्हणाली, “पत्रकानं फूल येत नाही. पानी बंद कर.”

“पाणी बंद? मेमध्ये? रायपूरमध्ये?”

“ताण द्या लागते.”

संत्र्याच्या बागेत बहार धरण्यासाठी असंच करतात. उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात, पानं मलूल होईपर्यंत त्याला तसंच उभं ठेवतात. मृग लागला की ताण तोडतात, म्हणजे भरपूर पाणी देतात. झाडाला वाटतं, आपण मरता मरता वाचलो, आणि ते फुलांनी भरून जातं. आईनं हे माझ्याहून कमी शब्दांत सांगितलं होतं. ती म्हणाली, “तहान लागल्याशिवाय फुलत नाही ते.”

विहाराच्या टाकीवरून संध्याकाळी कुंपणाला पाइप लावायची बायकांची पाळी असायची. आईनं ती बंद केली. नवतपा लागला. मेअखेरचे ते नऊ दिवस आमच्या शहरात कोणी हौसेनं घराबाहेर पडत नाही. कुंपणाची चमक गेली, पानं कडेनं वळली, विहाराच्या पांढऱ्या भिंतीपुढे ते करपल्यासारखं दिसू लागलं. येणारेजाणारे थांबून बोलू लागले.

“वहिनी, झाड मारून राहिल्या तुम्ही.”

“मरत नाही ते.”

“मेलं तं?”

“तं रेलिंग लावजा. तुम्हाले तेच पाह्यजे ना?”

तिचा चेहरा शांत असायचा, पण सकाळी मी पाहायची, ती कुंपणाशी बसून नखानं एक फांदी खरवडायची. सालीखाली हिरवं दिसलं की उठायची. फूल आलं नसतं तर रेलिंग लागली असती, त्याचं मला फारसं दुःख झालं नसतं. पण मग आई बैठकीत पुन्हा कधीच उभी राहिली नसती. मागची रांग आणि चटया. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

म्हणूनच मी चूक केली. नवतप्याच्या सातव्या दिवशी मला ते पाहवेना. पहाटे आई झोपेत असताना मी टाकीवरून चार बादल्या आणल्या आणि फाटकाच्या उजव्या हाताचा कोपरा भिजवला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. कोपऱ्याला आठवड्यात पोपटी पालवी आली. मला वाटलं, निदान एवढं तरी मी वाचवलं. दडपलेल्यांना पाणी देणं हे माझं तत्त्वच होतं. झाडाला काय हवं आहे, हे विचारणं त्या तत्त्वात बसत नव्हतं.

मृग लागला. ढग नव्हते, पण आई ढगांसाठी थांबली नाही. तिनं कुंपणाच्या बुडाशी माती उकरून आळी केली, शेणखत टाकलं आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाइप सोडून ठेवला. पुढच्या पंधरवड्यात पावसानंही साथ दिली. पानांवर चमक आली, नवे शेंडे निघाले आणि शेंड्यांवर काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढ्या हिरवट कळ्या दिसू लागल्या. आईनं मला बोलावून दाखवलं. तळहातावर तो शेंडा जपून धरला.

आषाढी पौर्णिमेआधीचा रविवार आला. श्रमदान. आई आत चटया झटकत होती, मी खिडक्या पुसत होते. अचानक बाहेरून तो ओळखीचा आवाज आला, खच्, खच्, खच्. आई चटई टाकून धावली.

कैची बाबांच्या हातात होती.

“काय करून राहिले तुम्ही!”

बाबा दचकून थांबले. दोन हात लांबीचं कुंपण सपाट झालं होतं आणि त्यांच्या पायाशी हिरव्या कळ्यांचा ढीग पडला होता. ते कैचीकडे असे पाहत होते, जणू ती कोणी दुसऱ्यानंच त्यांच्या हातात दिली होती.

“अवं, हात चालला. वीस सालाची आदत आहे.”

“जगाले पत्रकं वाटता, घरचं एक वाक्य ध्यानात राह्यत नाही!”

बाबांनी कैची जमिनीवर ठेवली आणि उरलेली सकाळ कुंपणाशी पहारा देत बसले. जो कोणी कैची घेऊन येई त्याला हात जोडून म्हणायचे, “भैया, इधर नहीं. इधर हमारी बेइज्जती हो चुकी है.”

पौर्णिमेच्या सकाळी मी आईच्या आधी विहाराकडे निघाले. मी फाटकापाशी पोचायच्या आधी वास पोचला. कुंपण हिरवं दिसतच नव्हतं. पाच पाकळ्यांची, कडा मागे वळलेली छोटी पांढरी फुलं, झुपक्यांनी, शेंड्याशेंड्यावर. खालच्या ओल्या मातीवर पाकळ्यांचा सडा. मधमाश्यांचा तो एकसारखा आवाज. पांढरी लुगडी नेसून आलेल्या बाया आत न जाता कुंपणाशीच थबकल्या होत्या. एक आजी तर बोटानं एकेक झुपका हळूच उचलून पाहत होती, खोटा तर नाही ना म्हणून.

काका स्कूटरवरून आले. हँडलला तात्यापाऱ्यातल्या फुलांची पिशवी लटकत होती. ते उतरले, चष्मा पुसला, एक पान तोडलं, चुरगळलं आणि हुंगलं. मग फाटकाच्या दिशेनं चालत गेले आणि एका जागी थांबले.

“वहिनी, सगळं फुललं. भाऊंनी कैचीनं कापलं ते समजलं मले. पण हा उजव्या हाताचा कोपरा काहून नाही फुलला? याले कैची बी नाही लागली.”

खरंच. तो कोपरा गर्द हिरवा होता, सगळ्यात तजेलदार, आणि त्यावर एकही फूल नव्हतं. लोक आईकडे पाहू लागले. आई कोपऱ्याकडे पाहत होती. तिला समजेना, हे मला दिसलं. तिनं वाकून माती चाचपली. तिच्या शब्दाला लागलेला तो एकच डाग होता आणि तो मी लावला होता.

“मी पाणी दिलं होतं,” मी म्हणाले. आवाज मोठा निघाला, भाषणासारखा. “नवतप्यात. आई झोपलेली असताना. तीन दिवस.”

आई माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणी बसणार. पण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं.

“ऐकलं?” ती काकांना म्हणाली. “ज्याले पानी भेटलं, ते नाही फुललं. ज्याले ताण भेटला, ते फुललं. आता अजून काही इचारायचं आहे?”

काका म्हणाले, “नाही.” मग जरा थांबून, “पण ह्या पाकळ्या रोज झाडन कोन?”

“ज्यानं वीस साल कापल्या त्यानं.”

सगळे हसले आणि काका सगळ्यांत जास्त. विकतच्या फुलांची पिशवी त्यांनी स्कूटरलाच लटकत ठेवली. त्या दिवशी पूजेला जे फूल वाहिलं गेलं ते विहाराच्याच कुंपणाचं होतं आणि पहिला झुपका समितीनं आईच्या हातात दिला. फूल जसं कोमेजतं तसा देहही कोमेजणार आहे, हे आम्ही दर पौर्णिमेला म्हणतो. त्या सकाळी पहिल्यांदा मला वाटलं की आम्ही म्हणत होतो ते समोर दिसतंही आहे. दुपारपर्यंत पाकळ्या गळायला लागल्या होत्या.

त्या संध्याकाळच्या बैठकीत रेलिंगचा ठराव मागे घेतला गेला. आई मागच्या रांगेतच बसली होती, पण काकांनी नियम तिला विचारून लिहिले. छाटणी वर्षातून एकदाच, बहार संपल्यावर. कैची कुलपात. बाबांना किल्ली द्यायची नाही, हाही नियम लिहिला गेला, एकमतानं. मी हे लिहिताना आजही छाती फुगवून लिहिते आहे. अभिमानाला नम्रतेची झालर लावायची मला गरज वाटत नाही. माझ्या आईनं पान उन्हात धरून जे ओळखलं होतं, ते खरं होतं, आणि ते ऐकायला आमच्या अख्ख्या कॉलनीला वीस वर्षं लागली.

हिवाळ्यात झुडपांवर लाल, लांबट फळं धरली, बोराच्या आठळीएवढी. आईनं पिकलेली तोडली, पाण्यात चोळून गर काढला आणि बी त्याच दिवशी पिशव्यांत पेरलं, कारण हे बी सुकवून ठेवलं की उगवण्याची ताकद गमावतं. महिनाभर काहीच दिसलं नाही. मी रोज विचारायची आणि ती रोज म्हणायची, “तू पानी नको देऊ, बस.” मग एकेक कोंब वर आला. आता आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर पिशव्यांची रांग आहे. एक रोप अभनपूरच्या शाळेत गेलं, काही पंडरीमागच्या गल्ल्यांत. प्रत्येक रोपासोबत एक पत्रक जातं. मजकूर आईचा, अक्षर माझं, वाटणारे बाबा. शेवटच्या ओळीत काही तरी करायला सांगितलेलं आहे, घरचा नियम म्हणून.

तेच तुम्हालाही सांगते. उद्या सकाळी तुमच्या कुंपणाचं एक पान तोडा. उन्हात धरा, ठिपके दिसतात का पाहा, चुरगळून वास घ्या. संत्र्याच्या सालीचा वास आला आणि पानं पायऱ्यांसारखी एकाआड एक असतील, तर ती कुंती आहे. मग माळ्याशी बोला, सोसायटीच्या बैठकीत उभे राहा आणि एक बहार येईपर्यंत कैची थांबवा. आणि हे सगळं करण्याआधी तुमच्या घरात मागच्या रांगेत जी बाई बसते, तिला विचारा, तिला कोणतं झाड ओळखता येतं. उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.